एका क्रियापदाचें देशांतर

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला कोशांत एक क्रियापद असें भेटतें, कीं ज्याचा जन्म त्याच्याच घरीं झालेला आहे. तें क्रियापद 'काउटाउ'. मूळ चिनी शब्द 'खोउ-थोउ'. त्यांतील पहिल्या पदाचा अर्थ ठोकणें व दुसऱ्याचा मस्तक. चीनमध्यें पुत्र मातापित्यांपुढें, शिष्य गुरूपुढें आणि सारें कुटुंब पूर्वजांच्या स्मृतिफलकांपुढें गुडघे टेकून, कपाळ भूमीस लावून वंदन करी. सम्राटापुढें मात्र तीन वेळां गुडघे टेकून नऊ वेळां कपाळ लावावें लागे.

इ. स. १७९३ मध्यें ब्रिटिश वकील लॉर्ड मॅकार्टनी व्यापारी सवलती मागण्यासाठीं छिएनलुंग सम्राटाच्या भेटीस गेला. हें वंदन नाकारून त्यानें एकच गुडघा टेकला. सवलती मिळाल्या नाहींत. १७९५ सालीं डच वकिलांनीं सारा विधि यथासांग केला. त्यांच्याहि पदरीं सवलती पडल्या नाहींत. मॅकार्टनीबरोबर जॉर्ज स्टाँटन हा बारा वर्षांचा मुलगा होता. प्रवासांत चिनी शिकून तो सम्राटाशीं त्याच भाषेंत बोलला. पुढें १८१६ सालीं लॉर्ड ॲमहर्स्टच्या वकिलातींत वंदन करूं नये, असा सल्ला याच स्टाँटननें दिला. वाद विकोपास गेला आणि ॲमहर्स्ट सम्राटाच्या भेटीवांचूनच परतला. भाषा अवगत होती, तरी मानापमानाचा तंटा मिटला नाहीं.

या वकिलातींचे वृत्तांत इंग्लंडांत वाचले गेले आणि शब्द तेथें रुजला. आधीं नाम म्हणून, मग क्रियापद म्हणून. परंतु मातापिता, गुरु व पूर्वज मागेंच राहिले. बरोबर आला तो केवळ दरबार. म्हणून लाक्षणिक अर्थानें हें क्रियापद हांजी हांजी करणें, सत्तेपुढें लाचार होणें असेंच सुचवितें. ज्याच्यापुढें नमावयाचें, त्याच्या नांवापूर्वीं 'टु' हें अव्यय येतें. शब्द ओळखीचा वाटला, तरी आदर दर्शविण्यासाठीं तो योजतांना चिनी विद्यार्थ्यानें सावध असावें.

मराठींतहि विठ्ठलापुढें घातलेलें लोटांगण ही भक्ति, तर अधिकाऱ्यापुढें घातलेलें लोटांगण ही लाचारी. दोन्ही अर्थ मराठी माणसाला ठाऊक असतात, कारण दोन्ही प्रसंग त्यानें पाहिलेले असतात. इंग्रजांनीं प्रामुख्यानें एकच प्रसंग पाहिला.

१८७३ सालीं परदेशी वकील या वंदनावांचून चिनी सम्राटास भेटले. १९१२ मध्यें प्रजासत्ताक आल्यावर सरकारी शिष्टाचारांतून तें गेलें. सम्राट गेला, दरबारहि गेला. पण परक्या भाषेंत त्या दरबाराचा अर्थ तेवढा कायम राहिला.