दावीद, शमशोन आणि एक प्रेमगीत

माझी अमेरिकेतली भाची लग्नकार्यांत गाणी म्हणते. तिने विचारले, "मामा, लेनर्ड कोहेनचे 'हालेलूया' लग्नात म्हणावे का? कुणी म्हणते ते भजन आहे, कुणी म्हणते विरहगीत."

मंडळी, मी मराठी माध्यमातला बी.ए. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध बेताचाच. पण गाण्यात दावीद राजा आहे म्हटल्यावर कपाटातले मराठी 'पवित्र शास्त्र' काढले, गाणे चार-पाचदा ऐकले, आणि आठवडा कसा गेला ते कळले नाही.

आधी शब्द. हालेलूया हा शब्द हिब्रू. 'हालेलू' म्हणजे स्तवन करा, आणि 'या' हे देवाच्या नावाचे लघुरूप. स्तोत्रसंहितेतली शेवटची पाच स्तोत्रे (१४६ ते १५०) याच शब्दाने सुरू होतात आणि यानेच संपतात. कोहेन माँट्रियलच्या ज्यू घराण्यातला, आडनावाचा अर्थच पुरोहित. त्यामुळे हे सारे त्याला घरातूनच मिळालेले.

गाण्याची सुरुवात दावीदाच्या वादनाने होते. शौल राजाला दुष्ट आत्मा छळू लागला की दावीद वीणा वाजवी आणि राजाला बरे वाटे, अशी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात कथा आहे. इथे एक गंमत. आपल्याकडे लक्षणगीतात रागाचे वादी-संवादी जसे बोलांतच सांगितलेले असतात, तसे या गाण्यात सुरांच्या चढउताराचे नाव शब्दांत येते आणि त्याच क्षणी सूर तसेच हलतात. मला हे फार आवडले.

दुसऱ्या कडव्यात मात्र मी अडखळलो. गाण्यात स्त्री गच्चीवर स्नान करते आहे आणि चांदण्यातले तिचे रूप पाहणाऱ्याला जिंकून घेते. शास्त्रात (२ शमुवेल, अध्याय ११) गच्चीवर आहे तो दावीद! सैन्य अम्मोनी लोकांशी लढायला गेलेले, हा राजा मात्र यरुशलेमेत. संध्याकाळी बिछान्यावरून उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. ती कुठे होती हे सांगितलेलेच नाही. तिचे नाव बथशेबा. तिचा नवरा उरीया त्याच सैन्यात. राजाने माणसे पाठवून तिला आणवले. तिला काय वाटले याबद्दल एक अक्षर नाही. रेम्ब्राँटने मात्र १६५४ साली तिचे चित्र काढताना तिच्या हातात राजाचे पत्र दिले आणि चेहऱ्यावर चिंता. त्या चित्रकाराला शंभर गुण!

ती गरोदर राहिली तेव्हा दावीदाने उरीयाला परत बोलावले, म्हणजे प्रकरण झाकले जाईल. पण बरोबरीचे लोक उघड्यावर असताना मी घरी कसा जाऊ, म्हणून तो राजवाड्याच्या दाराशीच निजला. शेवटी त्याला लढाईच्या तोंडी देण्याचा हुकूम राजाने त्याच्याच हाती सेनापतीकडे धाडला. हा उरीया गाण्यात कुठेच नाही.

आता खुर्ची आणि केस. कडवे तेच, पण ही गोष्ट दावीदाची नाही, शमशोनाची. दलीलेने पलिष्टी सरदारांकडून रुपे घेऊन त्याच्या बळाचे गुपित काढले, त्याला मांडीवर निजवले आणि केस उतरवले. पुढे त्याचे डोळे काढले गेले, गज्जात त्याने तुरुंगात दळण दळले. कोहेनने दोघांना एकाच कडव्यात बांधले, कारण प्रेमात हरलेला माणूस त्याला हवा होता. गीतकार म्हणून ते जमलेच आहे. पण शमशोन फसवला गेला होता, दावीदाने दुसऱ्याला फसवले. दोघांना एकाच मापाने 'बिचारा' म्हणायला माझे मन घेत नाही.

गाण्यातल्या भंगलेल्या हालेलूयाची किल्ली मला ५१व्या स्तोत्रात सापडते. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून राजाला आरसा दाखवला, त्यानंतरचे हे स्तोत्र, असे त्याच्या मथळ्यातच आहे. देवाला यज्ञापेक्षा भग्न हृदय चालते, असा त्याचा भाव. हालेलूया हा शब्द त्यात नाही. कोहेनने तो भंगलेपणाला जोडला, हे त्याचे स्वतःचे.

कोहेनची ध्वनिमुद्रिका १९८४ची, आणि त्याच्या कंपनीने ती अमेरिकेत काढायलाच नकार दिला होता. जॉन केलने १९९१ मध्ये निराळी कडवी निवडून ते गायले, १९९४ मध्ये जेफ बकलीने, २००१ मध्ये ते 'श्रेक' चित्रपटात आले, आणि मग ते घराघरात पोचले. मूळचे शेवटचे कडवे, ज्यात गाणारा हिशेब देत गीताच्या देवापुढे उभा राहतो, ते केल आणि बकलीच्या गाण्यात नाही. त्यामुळे अनेकांना ते नुसते विरहगीत वाटते. (जाता जाता: हाच कोहेन १९९९ मध्ये मुंबईत रमेश बाळसेकरांना ऐकायला येत असे. बाळसेकरांचे गुरू निसर्गदत्त महाराज, ज्यांची प्रवचने मराठीत. असो.)

भाचीला कळवले की लग्नात म्हणायचे तर ते शेवटचे कडवे गाळू नकोस.

बथशेबेचे पुढे काय झाले, हेही तिने विचारले. ती शलमोनाची आई झाली. दावीद म्हातारा झाल्यावर तिनेच त्याच्यासमोर जाऊन मुलाच्या गादीचे वचन आठवून दिले. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ आहे, तिच्यात ती येते, पण बथशेबा या नावाने नाही, दावीदाची राणी म्हणूनही नाही. तिथे ती उरीयाची बायको आहे.