हत्यारांची पेटी कुणी लावायची?

वाकस कुठं आहे, पटाशी कुठं, गुण्या कुठं, हे सुताराला शोधावं लागत नाही. हात बाजूला जातो आणि हवं ते हत्यार हातात येतं. पोरानं हौसेनं पेटी आवरून ठेवली, तर त्या दिवशी काम निम्म्यावर येतं. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याचीही तीच तऱ्हा. मोहरीची वाटी जागची हलली, की फोडणी करपलीच म्हणून समजा. मांडणी ही हाताची सवय असते आणि ती विकत मिळत नाही, वर्षं घालून कमवावी लागते.

श्रोतेहो, आज सांगायची आहे ती संगणकावर नकाशे काढण्याची हकीकत. पण तिचं मूळ या पेटीतच आहे.

पूर्वी आरेखकाजवळ लाकडी फळा असे. त्यावर टी-स्क्वेअर, दोन गुण्ये, कर्कटक आणि शाईची दौत. आपल्या मुलांच्या कंपासपेटीचंच हे थोरलं रूप. डावखुरा माणूस दौत डावीकडे ठेवी. त्याला कुणाची परवानगी लागत नसे. मग यंत्र आलं. 1963 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुणानं ‘स्केचपॅड’ नावाचा कार्यक्रम आपल्या प्रबंधासाठी तयार केला. टीएक्स-2 नावाच्या प्रचंड संगणकाच्या पडद्यावर एका हातातल्या प्रकाशलेखणीनं रेघ ओढायची आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबून ‘हे वर्तुळ’, ‘हे पूस’ असं सांगायचं. नकाशा कागदावरून पडद्यावर आला तो इथं. पुढं वीस वर्षं असली यंत्रं विमानं आणि मोटारी बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यात होती. लहान कचेरीतला आरेखक फळ्यावरच वाकलेला राहिला.

1982 साली जॉन वॉकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कॅलिफोर्नियात ‘ऑटोडेस्क’ ही कंपनी काढली. मायकेल रिडल यांनी आधी लिहिलेल्या ‘इंटरॅक्ट’ या कार्यक्रमातून ‘ऑटोकॅड’ तयार झालं आणि ते टेबलावर मावणाऱ्या संगणकावर चालू लागलं. स्वस्ताई ही त्याची एक बाजू झाली. मला दुसरी बाजू मोठी वाटते. पडद्याच्या कडेला दिसणारी आज्ञांची यादी एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेली असे. ती फाईल उघडावी, वाचावी आणि बदलावी. पेटी कशी लावायची ते पेटी विकणाऱ्यानं उघड्यावर ठेवलं होतं!

त्या काळी पुष्कळ ठिकाणी संगणकाला एक पाटी जोडलेली असे. पाटीवर चौकटी आखलेला तक्ता ठेवायचा, आणि ज्या चौकटीवर टोचाल ती आज्ञा सुटायची. पुढं कंपनी जो तक्ता देई, त्याचा वरचा भाग, म्हणजे 25 उभे रकाने आणि 9 आडव्या ओळी, मिळून 225 चौकटी, मुद्दाम कोरा सोडलेला असे. तो गिऱ्हाइकानं भरायचा. कुणी तिथं खिडक्या-दारं भरी, कुणी नळाचे सांधे. गंमत अशी, की हा तक्ता म्हणजे ऑटोकॅडमध्येच काढलेला एक नकाशा होता. ज्या हत्यारानं काम करायचं, त्याच हत्यारानं हत्याराची पेटी घडवायची.

1986 साली त्यात ‘ऑटोलिस्प’ ही भाषा आली. हिची आई ‘लिस्प’. ती जॉन मॅकार्थी यांनी 1958 साली सदरलँड यांच्याच त्या संस्थेत रचली होती. ऑटोलिस्पचं काम कसं चाले, ते जिन्यावरून पाहू. मजल्याची उंची 10 फूट, म्हणजे 120 इंच. पायरीचा चढ 6 इंच धरला, तर 20 चढ. हा हिशेब आणि वीस वेळा तीच रेघ, असं रोज करण्यापेक्षा आरेखकानं दहा-वीस ओळी लिहून ठेवायच्या. मग संगणकानं उंची विचारायची आणि जिना काढून द्यायचा. असल्या ओळी लिहिणारे पुष्कळसे लोक संगणकशास्त्र शिकलेले नव्हते. ते नकाशे काढणारे होते आणि कंटाळलेले होते.

या मोकळीकीची किंमतही मोजावी लागली. एकानं स्वतःपुरतं लावलेलं टेबल दुसऱ्याला आंधळ्या कोशिंबिरीसारखं होई; नवा माणूस कचेरीत आला, की पहिले दिवस आज्ञा शोधण्यातच जात. शिवाय, घरच्यासाठी उघडं ठेवलेलं दार चोरालाही उघडंच. नकाशाबरोबर आलेली एखादी ऑटोलिस्पची फाईल आपोआप चालू होई आणि रोगासारखी कचेरीभर पसरे. 2014 च्या आवृत्तीपासून कंपनीनं या दाराला पहारा बसवला.

1993 साली ‘ऑटोकॅड एलटी’ ही कमी किमतीची धाकटी आवृत्ती निघाली. तिच्यात ऑटोलिस्प नव्हतं. लहान कचेरीला, एकट्यादुकट्या आरेखकाला परवडे ती हीच. म्हणजे ज्याच्याकडे हाताखाली माणूस नाही, त्यालाच कंटाळवाणं काम यंत्रावर सोपवता येईना. ऑटोलिस्प तिच्यात आलं ते 2023 साली बाहेर पडलेल्या 2024 च्या आवृत्तीत (आवृत्तीला पुढच्या सालाचं नाव द्यायची यांची रीतच आहे). तीस वर्षं! यात तांत्रिक अडचणीपेक्षा दुकानदारीच जास्त दिसते.

मधल्या काळात मांडणीलाच नाव मिळालं. 2006 च्या आवृत्तीत ‘वर्कस्पेस’, म्हणजे कामाची बैठक, नावानिशी जतन करता येऊ लागली: आराखड्यासाठी एक, घन आकृतीसाठी दुसरी. 2009 च्या आवृत्तीत जुन्या याद्यांऐवजी वर चित्रांची रुंद पट्टी आली, तिला ‘रिबन’ म्हणतात. नवशिक्याला ती सोपी वाटली. वीस वर्षं हात बसलेल्याला कुणीतरी घरात शिरून भांडी हलवल्यासारखं झालं. तरी ‘क्लासिक’ नावाची जुनी बैठक निवडायची सोय होती. 2015 च्या आवृत्तीत तीही काढून टाकली. मग लोकांनी काय केलं? जुन्या याद्या नि पट्ट्या एकेक करून परत मांडल्या आणि त्या बैठकीला पुन्हा ‘क्लासिक’ हेच नाव दिलं.

आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आरेखकाचा अभ्यासक्रम असतो आणि त्यात आता संगणकावरचं आरेखनही शिकवतात. खेड्यांतली पुष्कळ मुलं तिथं जातात. शिक्षक मंडळींना एक सुचवावंसं वाटतं: आज्ञांची आद्याक्षरं ठेवणारी ती छोटी साधी फाईल अजून आहे, ती मुलांना उघडून दाखवा. तिच्यात वर्तुळाला ‘सी’ हे अक्षर दिलेलं आहे, आणि नक्कल करण्याला ‘सीओ’. ज्याला दिवसभरात वर्तुळं चार नि नकला शंभर काढायच्या असतात, तो ती एक ओळ बदलतो, फाईल जतन करतो, आणि पुढच्या वेळी ऑटोकॅड उघडल्यावर त्याचा डावा हात ‘सी’ दाबतो.