शिखर क्रमांक पंधरा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या वह्यांत हिमालयातील एका शिखराची नोंद ‘क्रमांक १५’ अशी होती. ही संख्या म्हणजे मोजणी नव्हे, ओळखीची खूण होय. संख्याशास्त्र अशा चलास नाममात्र म्हणते. पुढे हेच शिखर जगात पहिले ठरले. हा ‘पहिला’ म्हणजे क्रम. त्यावरून कोण वर हे कळते, किती वर ते कळत नाही. ते सांगण्यास उंचीच मोजावी लागते.

या सर्वेक्षणाचा पाया १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन याने मद्रासेजवळ घातला. काम चालू असतानाच १८२३ मध्ये वऱ्हाडानजीक हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. नेपाळात प्रवेश नसल्याने १८४९-५० मध्ये बिहारच्या मैदानातील सहा ठाण्यांवरून, शंभराहून अधिक मैलांच्या अंतरावरून, या शिखराचे वेध घेण्यात आले. ठाणी सहाच, साडेसहा असू शकत नाहीत. असे चल खंडित. उंची मात्र संतत. तिचा अगदी अचूक आकडा कोणत्याही यंत्रास सापडावयाचा नाही.

पूर्णांकांत पाहता सहा उत्तरे अशी आली : २८,९९०, २८,९९२, २८,९९९, २९,००२, २९,००५ आणि २९,०२६ फूट. सर्वांत लहान व मोठ्या उत्तरांत ३६ फुटांचे अंतर. या आकडेमोडीत राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ याने २९,००२ फूट ही उंची जाहीर केली.

एक कथा अशी सांगतात की, सरासरी नेमकी २९,००० आली. ती अंदाजी वाटू नये म्हणून वरचे दोन फूट पदरचे घातले. ही कथा गणकांच्या सचोटीवरच बोट ठेवते. परंतु वरील सहा आकड्यांची बेरीज करून सहाने भागावे. उत्तर २९,००२ च येते. कथेतील शंका मात्र खरी आहे. शेवटची तीन शून्ये मोजून आली की सोयीसाठी लिहिली, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

१९५२ ते १९५४ च्या निरीक्षणांवरून भारतीय सर्वेक्षण खात्याने ही उंची २९,०२८ फूट ठरविली. २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट, जाहीर केली. त्या आकड्याशी ताडून पाहता जुनी सहाही उत्तरे कमीच भरतात. चुका दोन्ही बाजूंस पडल्या असत्या, तर सरासरीने त्या बऱ्याच अंशी एकमेकींना छेदल्या असत्या. परंतु हवेतून येताना वाकणाऱ्या प्रकाशकिरणासाठी धरलेली दुरुस्ती किंवा समुद्रसपाटीचे गृहीत सर्वच वेधांना समाईक असते. तेथे चूक झाली, तर सहा काय, सहाशे वेधांची सरासरीही ती दूर करीत नाही. उत्तरांचा परस्परांशी मेळ ही एक गोष्ट. त्यांचा सत्याशी मेळ ही दुसरी.