वादाचा निवाडा : कालचा आणि आजचा



वादविवाद स्पर्धेचा निकाल जाहीर झाला की एका कोपऱ्यात टाळ्या पडतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुजबूज सुरू होते : “परीक्षकांनी पक्षपात केला.” ही कुजबूज नेहमीच खोटी असते असे मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीवर बसून मी स्वतःच अन्याय केला आहे. एका मुलीने प्रतिपक्षाचे तिन्ही मुद्दे नेमके खोडून काढले होते. पण तिच्या मराठीला घरच्या दखनीचे वळण होते. ते माझ्या कानाला खटकले आणि उच्चाराचे गुण मी सढळ हाताने कापले. फिरती ढाल गेली ती पाठ केलेले भाषण खड्या आवाजात म्हणणाऱ्या मुलाकडे. फरक होता अवघ्या दोन गुणांचा. त्या दोन गुणांनीच मला या विषयाच्या इतिहासाकडे वळविले.

वादात कोण हरला हे ठरवायचे कसे, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या देशात गौतमांच्या ‘न्यायसूत्रां’नी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी केला जातो तो वाद. जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते खंडन करायचे ती वितंडा. पराभव केव्हा झाला असे मानावे, यासाठी त्याच ग्रंथात २२ ‘निग्रहस्थाने’ दिली आहेत. आपली मूळ प्रतिज्ञा सोडून देणे, उत्तर न सुचणे, विनाकारण तेच ते पुन्हा सांगणे ही त्यांपैकी काही होत. या यादीत आवाजाचा गोडवा नाही की घराण्याचे नाव नाही, हे ध्यानात घ्यावे.

इस्लामी परंपरेत हेच काम ‘मुनाझरा’ या शास्त्राने केले. बगदादच्या निजामिया मदरशात शिकविणारे इमाम गझाली (१०५८-११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात मुनाझऱ्याच्या आठ अटी घातल्या. त्यांतील एकीचा आशय असा, की वाद करणाराने हरवलेली वस्तू शोधणाऱ्यासारखे असावे. ती आपल्याला सापडली काय किंवा सोबत्याला सापडली काय, आनंद सारखाच. बड्या लोकांच्या दरबारापेक्षा एकांतात वाद करणे बरे, अशीही त्यांची एक अट आहे.

पुढे शम्सुद्दीन समरकंदी यांनी ‘आदाबुल बह्स’ म्हणजे चर्चेचे नियम शास्त्र म्हणून मांडले. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा. प्रश्नकर्त्याला तीन वाटा मोकळ्या : पुरावा मागावा, दिलेल्या पुराव्यातील दोष दाखवावा, किंवा उलट बाजूचा पुरावा उभा करावा. दावेदार निरुत्तर झाला तर तो हरला; प्रश्नकर्त्याजवळ विचारण्यासारखे काही उरले नाही तर तो हरला. सतराव्या शतकात जौनपूरच्या अब्दुर्रशीद यांनी या शास्त्रावर लिहिलेली ‘रशीदिया’ ही टीका आपल्याकडील मदरशांच्या दर्से-निजामीत शिकविली जाऊ लागली.

नियम बाजूला राहिले की काय होते, हे अकबराच्या इबादतखान्यात दिसले. १५७५ साली फत्तेपूर सिक्रीस ही वास्तू उभी राहिली. बदायुनी सांगतो, की पहिला तंटा झाला तो बसण्याच्या जागेवरून! बादशहाने अखेर पूर्वेस अमीर, पश्चिमेस सय्यद, दक्षिणेस उलेमा आणि उत्तरेस शेख अशी दिशांची वाटणी करून दिली. तरीही विद्वान एकमेकांना मूर्ख व पाखंडी म्हणण्यापर्यंत गेले. निवाडा बादशहाच्या मर्जीवर असल्यावर बोलणाऱ्याचे लक्ष मुद्द्यावर राहील कसे? गझालींची अट येथे आठवते.

आधुनिक काळातही दोन रीती दिसतात. १९३३ साली ऑक्सफर्ड युनियनमध्ये ‘हे सभागृह राजा व देशासाठी लढणार नाही’ हा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत झाला. तेथे सभागृहाचा कौल मोजला गेला, वक्त्याचे कौशल्य नव्हे. याउलट १९८८ साली सुरू झालेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत आशयाला ४०, शैलीला ४० आणि डावपेचाला २० गुण असतात. आणि विजय ठरतो तो गुणांच्या बेरजेवर नव्हे, तर परीक्षकांच्या बहुमतावर. यातील शहाणपण पाहा. दोन परीक्षकांनी एका संघाला प्रत्येकी एक गुण जास्त दिला आणि तिसऱ्याने दुसऱ्या संघाला दहा गुण जास्त दिले, तर बेरजेत एकट्याची आवड दोघांच्या निर्णयावर मात करते. बहुमतात तसे होत नाही.

म्हणून आता परीक्षक म्हणून बसलो की मी कागदावर दोन रकाने आखतो : एकात मांडलेला मुद्दा, दुसऱ्यात त्याला मिळालेले उत्तर. रिकामा राहिलेला रकाना खोटे बोलत नाही. उच्चाराबाबत एकच प्रश्न स्वतःला विचारतो : बोललेले कळले की नाही? कळले असेल तर गुण कापण्याचा मला अधिकार नाही. ठरावावरचे माझे स्वतःचे मतही मी दाराबाहेर ठेवतो.

पालकहो, तुमचे मूल हरून घरी आले तर परीक्षकाला दोष देण्यापूर्वी त्याला विचारा, “बेटा, कोणत्या मुद्द्याला उत्तर देता आले नाही?” आणि मुलींनो, मुलांनो, तुमच्या बोलीची लाज बाळगू नका. मुद्दा पक्का करा. तो नीट ऐकणे ही आमची, खुर्चीवर बसणाऱ्यांची, जबाबदारी आहे. त्या मुलीची ढाल मी परत देऊ शकत नाही. पण तिच्यामागून येणाऱ्यांचे गुण तरी राखू शकतो.