पुरलेले, टांगलेले, कुलपातले: डहाणू पट्ट्यातील घरगुती राखणीचा इतिहास

मसोली हे गाव ज्या डहाणू पट्ट्यात वसले आहे, तेथे शस्त्र आणि मौल्यवान ऐवज घरात कोठे ठेवावा हे चोराच्या भीतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सत्तेने आणि कायद्याने ठरविलेले दिसते. 1739 मध्ये मराठ्यांनी हा किनारा जिंकून घेईपर्यंत तो पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडत असे आणि तेथील गावे ‘फोरो’ नावाच्या ठरावीक साऱ्यावर खातेदारांना दिली जात. मात्र त्या खातेदाराने घोडा आणि हत्यारे सज्ज ठेवावीत अशी अट असल्यामुळे घरातले शस्त्र ही त्याची हौस नव्हती, जमीन धारण करण्याची ती किंमतच होती. याच परिसरातील एका वेगळ्या राखणीची आठवण पारशी परंपरेने जपली आहे. संजाण ही पारशांची वसाहत पडल्यावर ‘इराणशाह’ हा पवित्र अग्नी बारा वर्षे बहरोटच्या डोंगरातील लेण्यांत लपविण्यात आला, असे सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’वर आधारलेली परंपरा सांगते.

येथील वारली आदिवासींच्या घरात कुलपाला फारसे काम नव्हते. कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमातीचा गिलावा दिलेली भिंत कोयत्याने सहज कापता येते, तेव्हा दाराला कडी-कोयंडा लावून काय साधणार? त्या घरातले खरे धन म्हणजे भात, आणि ते कणगीत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या व शेणाने लिंपलेल्या उंच कोठारात राही. देशावरच्यासारखे जमिनीत खणलेले पेव येथील पावसाळ्यात टिकणे कठीण होते. चांदीचे दागिने बहुधा अंगावरच असत आणि निकड पडली की गहाण पडत. रोकड मडक्यात घालून पुरून ठेवण्याची रीत तर महाराष्ट्रभर होती. जमिनीला आग लागत नाही आणि पुरलेली जागा पुरणाऱ्यालाच ठाऊक असते, हा तिचा लाभ होता, पण तो माणूस न सांगता मेला की ठेवाही त्याच्याबरोबर गेला.

1878 या एका वर्षात ब्रिटिश सरकारने केलेल्या तीन कायद्यांनी ही व्यवस्था मुळापासून बदलली, आणि त्यांचा विचार सहसा एकत्र होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. दफिन्याच्या कायद्याने जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर कलेक्टरला देणे बंधनकारक केले. वन कायद्याने ज्या रानातून कूड, कणगी आणि सरपण येई त्या रानावर सरकारी हक्क बसविला. शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरविला आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. म्हणजे जमिनीखाली काय आहे, रानातून काय आणले आणि माजघरात काय टांगले आहे, या तिन्ही गोष्टींचा हिशेब आता सरकारला द्यावा लागणार होता.

पोलादी तिजोरी ही त्यानंतरची. आर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलुपांचा कारखाना काढला आणि काही वर्षांतच तिजोऱ्या घडविण्यास प्रारंभ केला, तेव्हा या बाजारात चबसारख्या विलायती नावांचा दबदबा होता. अशा अग्निरोधक तिजोरीत पोलादाच्या दोन कवचांमध्ये असा पदार्थ भरलेला असतो की तो तापल्यावर ओलावा सोडतो आणि आतली उष्णता काही काळ वाढू देत नाही. हे संरक्षण सोन्यापेक्षा कागदाला अधिक लागते, कारण सोने वितळले तरी सोनेच राहते, जळालेल्या दस्तऐवजाचे मात्र काहीच उरत नाही.

डहाणू-तलासरी भागात नेमका कागदच सर्वांत मोलाचा होता. लग्नासाठी कर्ज काढून ते फिटेपर्यंत जमीनदाराकडे राबणाऱ्या वारल्याला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याचे देणे सावकाराच्या वहीत व अंगठा उठविलेल्या कागदात नोंदलेले असे, आणि ती वही ज्या पेटीत बंद असे तिची किल्ली हीच खरी सत्ता होती. सावकारी आणि वेठबिगारीच्या या जाचाची दखल सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सरकारी अहवालाने 1930च्या दशकाच्या अखेरीस घेतली. मे 1945 मध्ये झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, आणि त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले.

स्वातंत्र्यानंतर 1959च्या शस्त्र कायद्याने पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरण्याची बंदूक, परवान्यावर देण्याची स्वतंत्र तरतूद केली. खाऱ्या, दमट हवेच्या या किनाऱ्यावर असे हत्यार चोराआधी गंजापासून आणि दारू ओलीपासून जपावी लागते, म्हणून दारू बंदुकीपासून वेगळी आणि कोरड्या जागी ठेवणे हेच शहाणपणाचे. 2016च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित साठवणुकीची जबाबदारी परवानाधारकावर स्पष्टपणे टाकली. पूर्वी ठाण्याला चालणारे परवान्याचे काम 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाल्यावर तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आले होते. साठवणुकीची जबाबदारी परवानाधारकाची असली तरी निवडणूक जाहीर झाली की अनेक परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते, आणि मग घरातले कपाट कितीही भक्कम असले तरी निकालानंतर हत्यार परत मिळेपर्यंत ते रिकामेच राहते.