चंद्राचे गुरुत्व: चंद्रावर आणि पूर्णगडच्या खाडीत

चंद्रावर वजन एक षष्ठांश भरते, हे शाळेपासून पाठ असते. विधान खरे आहे, पण ते चंद्राच्या पृष्ठभागावर उभे राहणाऱ्यापुरते. कोकणात मुचकुंदी नदीच्या मुखाशी, पूर्णगडच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला चंद्राचे गुरुत्व जाणवते ते निराळ्या हिशेबाने. दोन्ही हिशेब एकाच नियमातून निघतात.

गुरुत्व वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या 81 व्या हिश्श्याएवढे. मग वजनही तितकेच का घटत नाही? कारण चंद्राची त्रिज्या 1,737 किलोमीटर, पृथ्वीची 6,371. चंद्रावरचा माणूस केंद्राच्या सुमारे 3.67 पट जवळ असतो. त्याचा वर्ग साडेतेरा. 81 ला साडेतेराने भागले की सहा येतात. म्हणून गुरुत्वीय त्वरण इथे 9.8 आणि तिथे 1.62 मीटर प्रति सेकंद वर्ग.

घटते ते वजन, वस्तुमान नव्हे. सहा किलोची सुरमई चंद्रावर स्प्रिंगच्या काट्याला एक किलो भरेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र सहाच, कारण मापेही तितकीच हलकी झालेली. (विकणाऱ्याने कोणता काटा धरावा, हे सांगायला नको.) चांद्रयान-3 चा विक्रम लँडर 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरला आणि 3 सप्टेंबरला त्याने इंजिने पेटवून सुमारे 40 सेंटिमीटरची उडी घेतली. त्याला उचलायला लागणारे बळ एक षष्ठांश होते. आडवे सरकवायला किंवा थांबवायला मात्र त्याचे जडत्व पृथ्वीवर असते तेवढेच.

आता पूर्णगड. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर. इतक्या अंतरावरून त्याची ओढ पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे तीन लाखाव्या हिश्श्याएवढी उरते. सूर्याची ओढ तिच्या जवळजवळ 180 पट, तरी भरतीवर वरचष्मा चंद्राचाच. याचे कारण असे की भरती ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीची चंद्राकडची बाजू जरा जास्त ओढली जाते, पलीकडची जरा कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा आणि दिवसाला दोन भरत्या. हा फरक अंतराच्या घनाने घटतो, त्यामुळे दूरचा सूर्य निम्म्याहूनही मागे पडतो.

फरक तरी केवढा? पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे नव्वद लाखाव्या हिश्श्याइतका. एवढ्याने पाणी उचलले जात नाही, सरकते. अथांग समुद्रभर सरकलेले पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर चढते तेव्हा उंची येते. हा उथळ पट्टा उत्तरेला रुंद आहे, म्हणून खंभातच्या आखातात भरती प्रचंड, मुंबईला त्याहून कमी आणि रत्नागिरीकडे आणखी कमी.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राचे परिणाम एकमेकांत मिळतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना तोडतात, तो भांग. दोन्ही एक-दोन दिवस उशिराने जाणवतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हा कोकणातला जुना ठोकताळा चंद्राच्या गतीवर बसलेला: पंचमीला पावणेचार. काटेकोर हिशेबाने भरती दर तिथीला 48 मिनिटांनी पुढे सरकते, ठोकताळा 45 धरतो. तोंडी गणितासाठी हे पुरेसे अचूक आहे. खाडीत होडी घालायची असेल तर मात्र भरतीचे छापील कोष्टक पाहावे, आणि पावसाळ्यात नदीचा लोंढा व वारा दोन्ही त्यात धरलेले नाहीत हे लक्षात ठेवावे.