शतावरीची मुळं

मुंबईहून निघालेली लोकल जिथे थांबते त्या कसाऱ्यापासून घाटाची चढण लागते. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या, की शहापूर-मुरबाडच्या रानात एका काटेरी वेलीला कोवळे कोंब फुटतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरांत त्यांची भाजी होते. हीच शतावरी. शहरात मात्र आपण तिला ओळखतो ती बाळंतिणीला दुधातून देण्याच्या शतावरी कल्पामुळे.

मला या वेलीच्या नावांची मोठी गंमत वाटते. जुन्या निघंटूंनी तिला बहुसुता म्हटलं, म्हणजे पुष्कळ लेकरांची. जमिनीखाली मुळांचा घोसच असतो, बोटाएवढी जाड, रसरशीत मुळं. तिलाच भीरु, म्हणजे भित्री, असंही म्हटलं आहे. अंगावर इतके काटे असताना!

'हार्मोन्सचं संतुलन' हे जाहिरातीतले शब्द तसे कालचे. हार्मोन हा शब्दच १९०५ साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी वापरात आणला. आपले ग्रंथ बोलतात ते स्तन्याबद्दल, आर्तवाबद्दल, गर्भाबद्दल. काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी या दोघींवर मिळून एक अध्याय आहे. शतपुष्पा म्हणजे आपली बाळंतशेप. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापली गेली. आधुनिक कसोटीचा निकाल मात्र एकमुखी नाही. दूध कमी असलेल्या मातांवरच्या १९९६ सालच्या भारतीय चाचणीत शतावरीचा फरक दिसला नाही. २०११ सालच्या दुसऱ्या एका चाचणीत दिसला. तेव्हा डब्यावरच्या मजकुरापेक्षा डॉक्टरांना विचारलेलं बरं.

कसाऱ्याला रेल्वे १८६१ साली आली. १८७२ साली पनवेलला धूतपापेश्वरचा कारखाना निघाला. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी घाटापलीकडे नाशिकला वैद्यांचं संमेलन भरवलं. वनौषधींची माहिती मराठी घरांत नेणारे ते हेच पदे. हा सगळा इतिहास वैद्यांच्या आणि कारखानदारांच्या नावांनी लिहिला गेला. कोणत्या उतारावर वेल आहे हे जिला ठाऊक, जी मूळ खणते, उकडते, सोलते, आतली शीर काढून वाळवते, तिचं नाव त्यात नाही.

तिचा हक्क कायद्यात आला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. औषधी वनस्पती, मुळं, कंद ही गौण वनउपज ठरली आणि तिची मालकी गोळा करणाऱ्यांकडे आली. २०२०-२१ मध्ये शहापूरच्या कातकरी तरुणांनी आपली संस्था काढून मोठ्या औषध कंपन्यांना गुळवेल विकून दाखवली. मधला दलाल टळला, हे मोठंच काम.

शतावरीचं गणित अधिक अवघड आहे. गुळवेलीचा दांडा कापला तरी ती पुन्हा वाढते. शतावरीचा गड्डा राखून, बी पडू देऊन थोडीच मुळं घेतली तर वेल टिकते. पण किलोमागे भाव कमी पडला, की खणणारी सगळाच घोस उपटते. मग पुढच्या पावसाळ्यात तिच्या घरी कोंबांची भाजीही नसते.